सहावी कुपी

१

थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडलं, कोरड्या बर्फाचा पांढरा धूर टेबलावरून खाली ओघळला, आणि धूर विरल्यावर डॉ. योगिनी निकम नुसतीच आत बघत राहिली. पेटीत दोन कुप्या असायला हव्या होत्या. एकच होती.

"हिरामण, दुसरी कुठंय?"

हिरामण भोये हा दवाखान्यातला मदतनीस. तो काळूला दोन्ही हातांनी कवळून उभा होता. "मला काय म्हाईत मॅडम," तो म्हणाला आणि काळूच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

काळू हा वत्सलाबाई बोरस्ते यांचा कुत्रा. नावासारखा काळाकुळकुळीत, वयाने आजोबा आणि खाण्याच्या बाबतीत अजून तान्हा. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या खालच्या हिरडीवर सुपारीएवढी गाठ दिसली. वत्सलाबाईंना वाटलं, हाड टोचलं असेल. योगिनीने तुकडा तपासायला पाठवला तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन करायचं म्हणजे जबड्याचा पुढचा भाग कापून काढायचा. वत्सलाबाईंनी साफ नाही म्हटलं. अर्ध्या तोंडाचा काळू त्यांना बघवला नसता.

म्हणून पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले डॉ. अमोल देवरे नवं औषध घेऊन नाशिकला येताहेत असं कानावर आलं, तेव्हा त्यांनी गंगापूर रोडवरच्या या दवाखान्याचा उंबरठा झिजवला आणि काळूचं नाव लावून घेतलं. सन २००७ चा डिसेंबर होता. असलं औषध माणसांच्याही वाट्याला सहसा येत नसे, आणि इथे ते काळूला मिळणार होतं. आदल्या रात्री त्यांना आनंदाने झोप लागली नव्हती.

सहा कुप्या आल्या होत्या. महिन्यापूर्वी चार कुत्र्यांना चार इंजेक्शनं झाली. पहिल्या चौघांचं बघून मग पाचवी काळूला द्यायची ठरली होती, ती आज. सहावी जादा, अडीअडचणीला असावी म्हणून ठेवलेली. आज सकाळी अमोलने त्या चौघांची तोंडं तपासली होती आणि त्याचा चेहरा पडला होता. चौघांच्याही गाठी जशाच्या तशा होत्या, एकाची तर वाढली होती. पण रिकामी जागा बघितल्यावर तो एकदम ताठ झाला.

"म्हणजे माझं औषध फसलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी खरं औषध काढून घेतलं. त्या चौघांना मिठाचं पाणी मिळालं. सहावी तर बदलायची तसदीसुद्धा घेतली नाही, सरळ उचलली."

वत्सलाबाईंनी काळूच्या डोक्यावर हात ठेवला. "मग ही उरलेली? माझ्या काळूची?"

अमोलने पेटीचं झाकण हळूच लावलं. "हिच्यात औषध आहे की पाणी, ते मला सांगता येणार नाही, काकू."

२

पोलिसांत जायचं तर दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणार, आणि दवाखान्याचं नाव मातीत जाणार. योगिनीने वत्सलाबाईंकडे बघितलं. "मावशी, तुम्हीच बघा ना. तुमचं तर आयुष्यच यात गेलं."

ते खरं होतं. निवृत्त होईपर्यंत वत्सलाबाई एका विमा कंपनीत गुरांचे दावे तपासत. कळवणपासून सुरगाण्यापर्यंत कुठंही गाय-म्हैस दगावली की यांची जीप दारात हजर. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असतो. मेलेल्या म्हशीचा बिल्ला दाखवायचा, मग पैसे. काही महाभाग शेजाऱ्याच्या म्हशीच्या कानात आपला बिल्ला ठोकत, काही जण कानच कापून आणत. वत्सलाबाईंचा मंत्र एकच होता, बिल्ला नाही तर दावा नाही. जनावर दिसलं की त्यांचा हात आधी बिल्ल्याकडे जाई. घरी कुणाची मांजर आली तरी त्या आधी कान चाचपत, आणि मांजरं त्यांच्याकडे पुन्हा येत नसत.

आज मात्र हा दावा त्यांच्या स्वतःच्या घरातला होता.

"परवा सकाळी मी पेटी घेऊन पुण्याला जाणार," अमोल म्हणाला. "वरून निरोप आलाय, प्रयोग बंद करा."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत ती कुपी माझी," वत्सलाबाई म्हणाल्या. "इथेच तपासता येत नाही का तुला?"

"तपासायची तर फोडावी लागते. मग काळूला काय देणार?"

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून घेतलं. "आता मला औषध समजाव. मी म्हशीवाली बाई आहे, सोपं करून सांग."

अमोल आनंदाने सांगायला लागला. बिचाऱ्याला असं विचारणारं कुणी भेटत नसावं. "कॅन्सरच्या पेशीला 'तू आता मर' असं सांगणारं एक पत्र असतं. त्याला जीन म्हणतात. ते पत्र पेशीच्या आत पोचवायला पोस्टमन लागतो. आमचा पोस्टमन म्हणजे कुत्र्यांचा एक विषाणू. त्याचे दात काढलेत, रोग करत नाही. गाठीत टोचला की घरोघर पत्र टाकत जातो."

"आणि अडचण?"

"अडचणी तर ढीगभर. पोस्टमनला थंडी लागते, म्हणून रोज अंबडहून कोरडा बर्फ. आणि अंगातल्या पहारेकऱ्यांनी त्याला ओळखलं, तर दारातच ठोकतात. म्हणून ज्यांच्या रक्तात त्याची जुनी ओळख नाही अशीच कुत्री निवडली. एकेकाचं रक्त मी स्वतः पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासलंय. काळूचंही. सगळी स्वच्छ होती."

"कधी तपासलंस?"

"निवडतानाच. इंजेक्शनांच्या पंधरवडाभर आधी. काळूचं तेव्हाच, त्यांच्याबरोबर."

वत्सलाबाईंनी मान डोलावली. हुशार पोरगा, पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. औषध खोटं ठरलं असतं तर याची नोकरी गेली असती. चोरी झाली म्हटल्यावर अब्रू वाचत होती. चोरीचा सगळ्यात जास्त फायदा यालाच होता, आणि पेटी आणली होती यानेच.

३

तृप्ती ही योगिनीच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टर. पुढच्या महिन्यात ती कॉलेज रोडवरच्या नव्या, चकचकीत प्राण्यांच्या हॉस्पिटलात जाणार होती. तिथल्या मालकाने या औषधाची चौकशी दोनदा केली होती, हे तिनेच न विचारता सांगून टाकलं.

"मग तुझ्यावरच संशय येईल की गं."

"येऊ दे ना मावशी. मी काय सहा कुप्या पर्समध्ये घालून रिक्षाने जाऊ? घरी पोचेपर्यंत त्यांचा रस्सा व्हायचा." तृप्ती वॉर्डाचं दार उघडत होती. दारावर योगिनीच्या हातची पाटी होती: 'लस नाही तर प्रवेश नाही'. पूर्वी एकदा वॉर्डात रोग शिरला आणि आठवड्यात पिल्लांची ओळच्या ओळ गेली. तेव्हापासून दाखल होणारं कुत्रं कितीही आजारी असो, त्याला आधी मालकाच्या खर्चाने सगळ्या रोगांची मिळून एक लस, पट्ट्याला लस टोचल्याचा बिल्ला, मगच आत.

आत त्या चौघांनी शेपट्यांनी पिंजरे वाजवले. एक पांढरा पामेरियन, दोन अल्सेशियन, एक तपकिरी डॉबरमन. तोंडात गाठी असूनही ते चेहरे इतके खुशीत होते, की वत्सलाबाईंना भरून आलं. हात सवयीने आधी गळ्याकडे गेला. प्रत्येकाच्या पट्ट्याला दवाखान्याचा पिवळा बिल्ला लटकत होता, कोरा करकरीत.

"इंजेक्शन दिल्यावर काही झालं का यांना?"

"झालं तर. सगळ्यांना सडकून ताप आला. हा पामेरियन तर थरथरत होता. मी रात्रभर ओल्या पट्ट्या बदलत बसले. दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत, जसं काही झालंच नाही."

वत्सलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. चोरी केलेली पोरगी ओल्या पट्ट्या बदलत बसत नाही. पण दुसरंही काहीतरी त्या वाक्यात होतं, आणि ते त्यांच्या हातातून निसटलं.

त्याच विचारात त्या बाहेर आल्या. फाटकाशी धोंडाबाई बसली होती. रामकुंडावर झेंडूचे हार विकणारी ही बाई गेले काही दिवस रोज येत होती. मांडीवर तिची तांबडी गावठी कुत्री, राणी. राणीच्या ओठावरही तसलीच गाठ होती.

"बाई, तुमी तरी सांगा ना डाक्टरीनबाईला," धोंडाबाई म्हणाली. "म्हणत्यात, जागा नाय. आन् लस नाय तर आत घेता येत नाय. माझी राणी काय भिकारीण हाय का?"

उरलेली एकुलती कुपी वत्सलाबाईंच्याच काळूसाठी राखलेली होती. त्यांनी नजर चुकवली आणि पुढे झाल्या. मागून काळू येत होता. चालताना त्याच्या गळ्यातला नवा बिल्ला पट्ट्याच्या कडीवर वाजत होता.

४

हिरामण मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होता. वत्सलाबाईंनी चहा मागवला, त्याच्या हातात एक पेला दिला, आणि त्याने तो ज्या पद्धतीने धरला ते बघत राहिल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तो पेल्याला लागू देत नव्हता. त्या बोटांच्या टोकांवर नवी, गुलाबी कातडी आली होती.

"काय झालं रे?"

"चहाचं पातेलं, बाई. भाजलं."

"पातेलं धरलं की तळवा भाजतो. हे चिमटीत काहीतरी धरल्यासारखं भाजलंय."

हिरामणने पेला खाली ठेवला आणि पुढची चादर उचलली.

"माझ्या जिल्ह्यात गाईंना रेतन करणारे डॉक्टर होते," वत्सलाबाई चहा फुंकत म्हणाल्या. "अतिथंड नायट्रोजनच्या टाकीत घाईने बोटं घातली की त्यांची बोटं अशीच व्हायची. थंडीनेही भाजतं. तू रोज कोरडा बर्फ भरतोस. बर्फाने भाजलं असं सांगितलं असतंस तर मी पुढं गेले असते, कारण ते तुझं कामच आहे. मग पातेल्याचं खोटं कशाला? हातमोजे न घालता, घाईघाईने, चिमटीत मावेल अशी वस्तू तू पेटीतून काढलीस. महिन्यापूर्वी."

चादर त्याच्या हातातून खाली पडली. बराच वेळ तो ती उचलत राहिला.

"चोर नाय मी, बाई," तो शेवटी म्हणाला. "चांद्यासाठी नेली. आमचा कुत्रा. आमच्या घरची समदी द्राक्षाच्या कामाला खाली नाशकाकडं उतरत्यात ना, तवा गावाकडं आई एकली ऱ्हाते. घर न आई, दोनी चांद्याच्या जिवावर. त्याच्या तोंडात बी गाठ आली. मॅडमला विचारलं, तर म्हणल्या लस नाय, आत घेता यायचं नाय. जादाची एक बाटली पडून होती. थर्मासात बर्फ भरला, बूच लावलं की फुटतो म्हणून नुसतं फडकं बांधलं, गाडीनं नेली. चार येळा मीच कुत्री धरली हाय, सुई कुठं घालायची ते पाहिलंय."

"आणि बाकीच्या कुप्यांत पाणी कुणी भरलं?"

"पाणी?" हिरामणने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत नुसतं नवल होतं. "नाय बाई. देवाशपथ. मी एकच नेली."

वत्सलाबाईंनी तीस वर्षं खोटं ऐकलं होतं. हे खोटं नव्हतं. मग चौघांना झालं काय? आणि एका क्षणात त्यांच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला.

"हिरामण, तुझा चांद्या आत्ता कसा आहे?"

"माझं आयकून काय करता," तो म्हणाला. "चला, दाखवतो."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणारे मागे पडलं, वाघेऱ्याचा घाट चढला, आणि भाड्याची जीप हरसूलच्या अलीकडे एका वाडीत शिरली. काळूला वत्सलाबाईंनी बरोबर घेतलं होतं. आता त्याला क्षणभरही सोडवत नव्हतं. भागीबाई, हिरामणची आई, दारात नागली पाखडत होती. पोरगा सरकारी पाहुणी घेऊन आला असं वाटून ती घाईने उठली.

"चांद्या कुठं हाय, आई?"

तो दिसण्याआधी ऐकू आला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक राकट कुत्रा कुंपणावरून उडी मारून आला, हिरामणच्या छातीवर चढला, मग काळूकडे बघून गुरगुरला. वत्सलाबाई त्याच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "याचं तोंड उघड."

हिरामणने उघडलं. सकाळचं ऊन थेट आत पडलं. हिरडी गुलाबी होती. मागच्या दाढेजवळ वाटाण्याएवढा सुकलेला डाग, बस्स.

"लय मोठी व्हती, बाय," भागीबाई म्हणाली. "सुकत गेली, गळून पडली. मला वाटला, आता मरतो. त भाकर मागाया लागला."

वत्सलाबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. औषध खरं होतं. जगात कुठे कुठे मोठमोठ्या प्रयोगशाळांत लोक ज्याच्यासाठी झुरत होते, ते या वाडीत, या शेणाने सारवलेल्या अंगणात घडून गेलं होतं आणि कुणाला पत्ताही नव्हता. त्यांनी चांद्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. हात सवयीने गळ्याशी गेला.

काथ्याची दोरी. बिल्ला नव्हता.

त्या थांबल्या. डॉबरमन, अल्सेशियन, पामेरियन. चौघांना बिल्ला. कोरा करकरीत बिल्ला. रक्त तपासलं निवडताना, आणि वॉर्डात घेतलं त्यानंतर. दारावरची ती पाटी. रात्रभर ताप आणि सकाळी ठणठणीत. नुसत्या मिठाच्या पाण्याने कुणाला ताप येतो? निसटलेली गोष्ट आता हातात होती, आणि बाकीच्या आपोआप तिच्यामागे येत होत्या.

शेजारी काळूने अंग झाडलं. त्याच्या गळ्यातला बिल्ला खणखणला.

गेल्याच आठवड्यात त्या स्वतः त्याला घेऊन गेल्या होत्या. 'दाखल करायचाय ना, मग लस आधीच उरकून टाक,' असं योगिनीला त्यांनीच सांगितलं होतं. बिल्ला लावल्यावर पदराने पुसून बघितला होता.

परतीच्या वाटेवर हिरामण म्हणाला, "आता काळूला देतील ना बाई? खरी दवा हाय."

वत्सलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. फक्त गप्प बसायचं होतं. चोर सापडला, कुपी खरी आहे, एवढं सांगितलं की संध्याकाळी काळूला इंजेक्शन. कदाचित लागूही पडेल. कुणाला काय कळणार होतं? काळूने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली. खोटा दावा करणारा प्रत्येक जण आधी स्वतःच्या मनात 'कदाचित' म्हणतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं होतं.

६

संध्याकाळी सगळे योगिनीच्या खोलीत जमले. हिरामण भिंतीला चिकटून उभा होता. वत्सलाबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

"सहावी कुपी हिरामणने नेली. त्याचा कुत्रा बरा झालाय. मी तोंडात बोट घालून बघितलंय."

अमोल खुर्चीवरून उठला. "बरा? म्हणजे गाठ..."

"गळून पडली. आधी ऐक. बाकीच्या कुप्यांना कुणी हात लावलेला नाही. तुझ्या चौघांना खरंच औषध मिळालं होतं. तृप्ती त्या रात्री ओल्या पट्ट्या बदलत होती. पाण्याने ताप येत नाही, अमोल. अंगात लढाई झाली की ताप येतो. तुझा पोस्टमन आला होता, आणि पहारेकऱ्यांनी त्याला दारातच ठोकला."

"पण त्यांच्या रक्तात ओळख नव्हती. मी तपासलं होतं."

"तपासलंस तेव्हा नव्हती. मग योगिनीने त्यांना वॉर्डात घेतलं. योगिनी, तुझ्या त्या एकत्र लसीत काविळीचीही लस असते ना?"

योगिनीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "असते."

"आणि ती कुठल्या विषाणूची करतात?"

उत्तर अमोलने दिलं, अगदी हळू. "आमच्याच पोस्टमनच्या भावाची."

"सोसायटीच्या वॉचमनला फोटो दाखवून ठेवावा, की हा माणूस आला तर सोडू नको, तसं झालं. आणि दाखवला तो पोस्टमन यायच्या तोंडावर. चांद्याला कुणी आत घेतलं नाही, म्हणून त्याला लस नाही. त्याच्या वॉचमनने फोटो बघितलाच नव्हता. माझ्या नोकरीत बिल्ला नसेल तर दावा नसायचा. इथे नेमकं उलटं आहे."

मग अमोल हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले, हिरामणकडे गेला, आणि काल ज्या चोराने औषध पळवलं म्हणत होता, त्याचेच दोन्ही हात धरले. "तू चोरी केली नसतीस तर हे औषध उद्या कचऱ्यात गेलं असतं," तो म्हणाला. हिरामणला दुखऱ्या बोटांचं काय करावं कळेना.

"नियम माझा होता," योगिनी म्हणाली. "मी तुला कधी बोललेच नाही."

"मीही विचारलं नाही. पुढच्या वेळी औषध आधी, लस नंतर." मग अमोलचं हसू मावळलं. त्याने वत्सलाबाईंच्या पायाशी बसलेल्या काळूकडे बघितलं, त्याच्या गळ्याकडे बघितलं. "काकू..."

"मला माहीत आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण रक्त तपास. एकदा तपास."

रक्ताच्या दोन नळ्या रात्रीच्या गाडीने पुण्याला गेल्या. एक काळूची, एक फाटकाशी बसलेल्या राणीची. पुण्याला जायचा बेत अमोलने पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजेपर्यंत वत्सलाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अमोलने ऐकलं, 'बरं' म्हणाला, आणि रिसीव्हर ठेवला.

"राणीचं स्वच्छ आहे."

काळूचं त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. उठून त्या फाटकाशी गेल्या. "धोंडाबाई," त्या म्हणाल्या, "चल, राणीला आत घे. टेबल अंगणात मांडलंय, वॉर्डाच्या बाहेर. पाटी आडवी येणार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी योगिनीला ऑपरेशनला होकार दिला.

मार्च उजाडला, गोदेच्या काठी ऊन तापायला लागलं. वत्सलाबाई काळूला घेऊन रामकुंडावर गेल्या, कारण त्याला आता गर्दी आवडायला लागली होती. खालचा जबडा पुढून आखूड, जीभ एका बाजूने बाहेर, लाळ टपटप गळतेय. पण कुसकरलेली भाकरी तो पूर्वीसारखीच चाटूनपुसून खात होता, आणि बघवणार नाही असं वाटलेलं ते तोंड वत्सलाबाई दिवसभर बघत असत. हारांच्या टोपलीशेजारी राणी झोपली होती. तिचा ओठ स्वच्छ होता, आणि गळ्यात पिवळा बिल्ला होता, आत्ता, सगळं झाल्यानंतर लावलेला.

धोंडाबाईने झेंडूचा एक हार काळूच्या गळ्यात घातला. "ह्याच्या वाटचं माझ्या राणीनं खाल्लं," ती म्हणाली.

"त्याचा दावा नव्हताच गं," वत्सलाबाई म्हणाल्या. "त्याच्या गळ्यात बिल्ला होता ना."

धोंडाबाईला काही कळलं नाही. काळूने हार हुंगला, शिंकला, आणि वाकड्या तोंडाने त्यातलं एक फूल खायला सुरुवात केली.